कॅरमवर हरलेलं चालतं, मग मोबाइलवर का नाही?

प्रश्न : माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मोबाइलसाठी एक गेम बनवलाय. बिलियर्ड्ससारखं हिरवं टेबल, पांढरा बॉल आपला, बाकीचे बॉल म्हणजे राक्षस. राक्षस पॉकेटमध्ये पाडले की पुढचं टेबल. दर वेळी मांडणी वेगळी, अधूनमधून दुकान लागतं तिथे ताकद विकत घ्यायची, आणि मेलं की सगळं पहिल्यापासून. तो याला ‘रोगलाइक’ म्हणतो. दिवाळीत आमच्याकडे आला तेव्हा त्याने हा गेम घरच्यांना, गल्लीतल्या पोरांना आणि आमच्या कॅरमच्या अड्ड्यावरच्या मंडळींना खेळायला दिला. मतं ऐकून बिचारा चक्रावला. एक म्हणतो निशाण्याची रेघ लांब कर, दुसरा म्हणतो रेघच काढून टाक. पोरांना गेम कठीण वाटतो, चुलतभावाला फारच सोपा. तिसऱ्या टेबलावर बॉल धावत असतानाच एखादं पॉकेट अचानक बंद होतं, त्यावर तर सगळेच बोंबलले. एका जुन्या फोनवर बॉल चक्क भिंतीतून बाहेर गेला. आणि आमचा एक कॅरमवाला मित्र, जो बोर्डावर रोज हरतो आणि हसत हसत चहा पाजतो, तो फोन परत देताना म्हणाला, “काहून बे, हे गेम त फसवून राह्यलं!” कॅरमवर गोटी अडली तर पावडरला दोष देऊन मोकळा होणारा माणूस गेमवर हरला की लगेच फसवणूक झाली असं का म्हणतो? आणि इतक्या मतांतून भाच्याने ऐकावं कुणाचं?
— एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : तुमच्या मित्राचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. एका बाबतीत तो शब्दशः खरं बोलतोय, आणि दुसऱ्या बाबतीत तो कॅरम खेळतो म्हणूनच त्याला जे कळलं ते इतरांना नीट सांगता आलं नाही. शब्दशः खरं आहे ते आधी उरकू, कारण त्यात मतामतांतराचा प्रश्नच नाही.

बॉल भिंतीतून बाहेर गेला, ही फसवणूकच आहे. फक्त ती कुणी ठरवून केलेली नाही. फोनच्या पडद्यावर बॉल घरंगळत नसतो. प्रोग्राम तो उचलतो, थोडा पुढे ठेवतो, मग कुठे टेकला का ते बघतो. पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो. चांगल्या फोनवर हे सेकंदाला ६० वेळा चालतं. समजा बॉलचा वेग सेकंदाला १,२०० पिक्सेल आहे. ६० पावलांत तो विभागला तर एक पाऊल २० पिक्सेलचं पडतं. टेबलाची भिंत ३० पिक्सेल जाडीची असेल तर कुठल्या तरी पावलाला बॉल भिंतीत सापडतोच आणि प्रोग्राम त्याला परत फिरवतो. आता तोच गेम जुन्या, तापलेल्या फोनवर लावा. तिथे सेकंदाला २० चित्रं जेमतेम निघतात आणि पाऊल होतं ६० पिक्सेलचं. या पावलाला बॉल भिंतीच्या अलीकडे, पुढच्या पावलाला थेट पलीकडे. भिंतीत तो कधी नव्हताच, मग टक्कर कशाची नोंदवायची? भाच्याने बहुधा बॉलची चाल पडद्यावरच्या चित्रांच्या वेगाला बांधून ठेवली असणार. ती सोडवून ठरावीक लहान पावलांवर न्यावी, आणि वेगवान बॉलच्या बाबतीत आधीची जागा आणि नंतरची जागा यांच्यामधला सगळा रस्ता तपासावा. गोडो असो की युनिटी, गेम बनवायच्या या दोन्ही इंजिनांत यासाठी ‘कंटिन्युअस’ तपासणीची सोय आहे. महागडा फोन घेऊन बसणाऱ्याला ही चूक जन्मात दिसली नसती. ज्याच्या जुन्या फोनवर ती दिसली त्याला भाच्याने एक प्लेट समोसा जरूर खाऊ घालावा.

आता दुसरी, जास्त रंगतदार बाब.

रोगलाइक हा प्रकार ‘रोग’ नावाच्या गेमवरून आला. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. दर वेळी नवीन तळघर, आणि एकदा मेलं की खेळ खलास, जुन्या जागेवरून सुरुवात नाही. नशिबाचा वाटा त्यात मुद्दामच मोठा ठेवला होता, म्हणजे पाठांतरावर कुणाला जिंकता येऊ नये. गेल्या काही वर्षांत या सांगाड्यावर भलभलते खेळ चढवले गेले. ‘बालात्रो’ने २०२४ मध्ये पत्त्यांचा पोकर चढवला, ‘पेगलिन’ने पाचिंको. बिलियर्ड्सही सुटलं नाही : स्वीडनच्या मार्टिन योनासनचा ‘सबपार पूल’ २०२३ चा, आणि टेबलावरच राक्षसांशी लढायला लावणारा ‘रॅक अँड स्ले’ २०२४ चा. म्हणजे तुमचा भाचा वाट चुकलेला नाही, या वाटेवर त्याच्या आधी गेलेली माणसं आहेत. पण बिलियर्ड्स निवडून त्याने एक अवघड लग्न लावलंय. पत्त्यात नशीब असतं हे आपण आजोबांच्या मांडीवर बसून शिकलेलो असतो. टेबलावरचा खेळ मात्र सगळा उघडा. बॉल कुठे आहेत, पॉकेट कुठे आहे, कोन किती आहे, सगळं डोळ्यांपुढे. जिथे सगळं दिसतं तिथे माणूस नशीब मानायला तयार नसतो.

तुमच्या अड्ड्यावरच बघा. कॅरमवर नशीब नसतं का? भरपूर असतं. ब्रेक मारल्यावर एकोणीस गोट्या कशा विखुरतील हे भले भले सांगू शकत नाहीत. राणी एखाद्याच्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन बसते आणि त्याचा बोर्ड तिथेच निम्मा होतो. तरी कुणी उठून बोर्ड फसवतोय असं म्हणत नाही. याचं कारण साधं आहे. जे काही झालं ते स्ट्रायकर सुटल्यानंतर झालं खरं, पण माझ्या बोटातून सुटलेल्या ताकदीने झालं. मधे तिसरं कुणी आलं नाही. तुमच्या भाच्याच्या तिसऱ्या टेबलावर मात्र बॉल धावत असताना पॉकेट बंद होतं. खेळणाऱ्याने कोन लावला, ताकद मोजली, बोट सोडलं, आणि मग टेबल बदललं. तुमच्या अड्ड्यावर एखाद्याने स्ट्रायकर सुटल्यावर पॉकेटच्या तोंडावर हात ठेवला तर काय होईल?

गेम बनवणारे नशिबाचे दोन प्रकार मानतात. एक चालीच्या आधीचं आणि एक चालीनंतरचं. रमीत हाती आलेले पत्ते हे आधीचं नशीब. वाईट आले तर वाईट, पण आता त्यांचं काय करायचं ते माझ्या हातात आहे. चाल करून झाल्यावर पडणारा फासा हे नंतरचं नशीब. तिथे माझ्या हुशारीवर बोळा फिरतो. रोगलाइकमध्ये पहिलं नशीब कितीही घाला, लोक कुरकुरत का होईना, खेळतात. दुसरं घातलं की फसवणूक हा शब्द तोंडात येतो. म्हणून पॉकेट बंद करणं काढून टाकायची गरज नाही, ते नेमकं केव्हा होतं एवढंच बदलायचं. पुढच्या चालीला कुठलं पॉकेट बंद होणार ते आधीच लाल करून दाखवावं. राक्षस तेवढाच दुष्ट राहील, पण खेळणारा आता त्याच्याशी लढेल, गेमशी नाही. या एका बदलाने निम्मी बोंबाबोंब थांबावी असा माझा अंदाज आहे.

याच्याही पुढे जाऊन मी म्हणेन की या खेळात चालीनंतर वेगळा फासा टाकायची गरजच नाही. टेबल स्वतःच फासा आहे. पूलच्या, म्हणजे पॉकेटवाल्या बिलियर्ड्सच्या, बॉलचा व्यास साधारण ५७ मिलिमीटर. अर्ध्या मीटरवरच्या बॉलवर तुम्ही नेम धरला आणि एका अंशाने चुकलात, तर टक्कर होऊन सुटलेला बॉल जवळजवळ आठ अंशांनी चुकतो. तो तेवढ्याच अंतरावरच्या तिसऱ्या बॉलवर जाऊन आपटेपर्यंत, जर आपटलाच तर, नेम हा शब्द वापरण्यात अर्थ उरत नाही. चूक बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. मायकेल बेरी या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९७८ साली हा हिशोब टोकाला नेला. त्याचं उत्तर असं आलं की साधारण नऊ टकरांनंतर बॉल कुठे जाईल हे सांगायचं तर टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं गुरुत्वाकर्षणसुद्धा धरावं लागेल. म्हणजे पहिल्या टकरीपर्यंत कसब, दुसरीत कसब आणि नशीब अर्धं अर्धं, आणि तिसरीपासून पुढे निव्वळ देवाची करणी. आणि या नशिबाची कुणी तक्रार करत नाही, कारण ते स्वतःच्याच बोटातून निघालेलं असतं. उलट चुकून दोन राक्षस एकदम पडले की पोरं ओरडून शेजाऱ्याला दाखवतात. भाच्याने अशी नशिबं वाढवावीत. बॉल जवळजवळ मांडावेत, कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, थोडी जास्त उसळी द्यावी, एका फटक्यात चार टकरा झाल्या तर बक्षीस द्यावं.

तरीही काही लोक चिडणारच, आणि तेही समजून घेतलेलं बरं. ‘सिव्हिलायझेशन’ या गाजलेल्या गेममालिकेचे कर्ते सिड मायर यांनी २०१० साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत एक अनुभव सांगितला होता. लढाईत तीनास एक अशी संधी आपल्या बाजूने असताना खेळाडू हरला की तो संतापायचा. गणित सांगतं की चारातून एकदा हरणं ठरलेलंच आहे. पण तीन हा आकडा मोठा दिसतो आणि मोठा आकडा ज्याच्या बाजूने त्याने हरायचं नसतं, अशी माणसाची समजूत. गंमत अशी की हीच संधी उलटी, एकास तीन असताना जिंकला तर तो निमूट बक्षीस घ्यायचा. त्या वेळी गणित बिघडलंय अशी तक्रार कुणाची नसायची. मायर यांनी शेवटी आतले हिशोबच खेळाडूच्या समजुतीच्या बाजूने झुकवले. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने यावर वाद घालता येईल. माझं मत विचाराल तर टेबलाच्या खेळात झुकवाझुकवी करू नये. दिसतो तो कोन खराच असला पाहिजे. पण तुमच्या मित्राच्या चिडण्यात हाही भाग आहे. बोर्ड सुताराने बनवला, त्याला माझं तोंडही माहीत नाही. गेम मात्र समोर बसलेल्या पोराने लिहिलाय. मग जे काही वाईट झालं ते त्याने लिहिलं म्हणून झालं, हा संशय यायचाच.

आता ऐकावं कुणाचं?

दुखणं सांगणाऱ्याचं सगळ्यांचं ऐकावं, औषध सांगणाऱ्याचं फारसं ऐकू नये. डॉक्टरसुद्धा पोट कुठे दुखतं ते आपल्याला विचारतात, गोळी कुठली देऊ ते विचारत नाहीत. रेघ लांब कर आणि रेघ काढून टाक, ही दोन औषधं आहेत, आणि मला दोन्हीखाली दुखणं एकच दिसतं. ज्याने लांब रेघ मागितली त्याला कुशनला आपटून बॉल कुठे जाईल ते कळत नाहीये. कॅरमवाल्याला लाकडाच्या कडेवरचा रिबाउंड डोळ्यांत बसलेला असतो. काचेवर तो अंदाज चालत नाही, कारण गेममधलं घर्षण आणि उसळी भाच्याने मनाने ठरवलीय. आणि ज्याने रेघ काढायला सांगितली त्याला रेघ खोटी वाटतेय : रेघेप्रमाणे मारलं तरी बॉल तिथे गेला नाही. दोघांनाही रेघेवर विश्वास ठेवता येत नाहीये. बहुधा रेघ काढणारा प्रोग्राम एक हिशोब करतो आणि बॉल हलवणारा दुसरा. दोघे एकाच सूत्राने चालवले की पहिली उसळी दाखवण्याइतकी रेघ पुरते, त्यापुढे नको. सगळा रस्ता दाखवला तर बोटाला काय काम उरलं? हिरवं कापड बघत बसायचं फक्त.

कठीण की सोपं, हे भांडण तर तोंडी सुटणारंच नाही. सिएटलच्या दोघा तरुणांनी ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा रोगलाइक नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्धवट अवस्थेतच विक्रीला काढला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण केला. मधल्या वर्षभरात खेळाडूंची मतं त्यांनी वाचलीच, पण सोबत आकडे ठेवले. कुठला पत्ता समोर आला, किती जणांनी उचलला, उचलणाऱ्यांपैकी किती जिंकले, कोण कुठल्या मजल्यावर मेलं. लोक ज्या पत्त्याला निरुपयोगी म्हणतात तो जिंकणाऱ्यांच्या हातात वारंवार दिसला, तर प्रश्न पत्त्याचा नसून तो समजावण्याचा आहे, हे अशा नोंदींवरूनच कळतं. भाच्याला त्यासाठी सर्व्हर वगैरे काही लागणार नाही. फोनमध्येच एक छोटी फाइल लिहून ठेवावी : कुठल्या टेबलावर मेला, किती सेकंदांनी, दुकानात काय घेतलं. खेळणाऱ्याला आधी विचारून; नाव-नंबर मुळीच नको. चुलतभाऊ सोपं सोपं म्हणत चौथ्या टेबलावर सहा वेळा मेलेला निघाला तर त्याला काही बोलू नये, फक्त फाइल जपून ठेवावी.

आणि आकड्यांइतकीच बोटं बघावीत. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहावं आणि तोंड बंद ठेवावं. हे भाच्यापेक्षा तुम्हाला कठीण जाईल. मामा मंडळींना मध्येच “अरे, इथून मार ना” म्हटल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्या क्षणी तुम्ही ते म्हणता त्या क्षणी ती चाचणी फुकट गेली. कुणी दुकानात शिरून काहीच न घेता बाहेर पडतंय का? पांढऱ्या बॉलवर बोट ठेवून मागे ओढायचं असतं हे न कळून कुणी राक्षसावरच टिचक्या मारतंय का? मेल्यावर पुन्हा सुरू करायला किती वेळ लागला? चटकन पुन्हा सुरू करणाऱ्याने तोंडाने कितीही शिव्या दिल्या तरी त्याला गेम आवडलाय. “छान आहे हो” म्हणून फोन खिशात घालणाऱ्याला आवडलेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत या दुसऱ्या प्रकारात मोडतं; ते प्रेमाने दिलेलं असतं, ते प्रेम म्हणूनच घ्यावं.

खेळणाऱ्यांनी टेबलाचे नियम बदलायला लावणं ही काही मोबाइलची देणगी नाही. स्नूकर हा खेळच तसा जन्मला, आणि तोही विदर्भाच्या उंबरठ्यावर. जबलपूरच्या छावणीत १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी नेहमीच्या खेळाला कंटाळून टेबलावर आणखी रंगीत बॉल टाकले. पुढे १८८२ च्या सुमारास उटीच्या क्लबात त्याचे नियम कागदावर आले. आधी खेळून पाहिलं, मग लिहिलं.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती भाच्याच्या वाट्याला लवकरच येईल. कुणीतरी असा डाव शोधेल की त्याला हरताच येणार नाही. इंग्लंडमध्ये १९०७ साली टॉम रीस या बिलियर्ड्सपटूने दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी असे अडकवले की त्यांना हलकेच टोचत राहून गुण घेत जायचे. आठवड्यांमागून आठवडे तो ते करत राहिला आणि ४,९९,१३५ गुणांवर जाऊन थांबला. बघणाऱ्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा. बिलियर्ड्सच्या संघटनेने ती युक्तीच बंद केली. पुढे १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने एका ब्रेकमध्ये, म्हणजे एकाच सलग खेळीत, ४,१३७ गुण केले. बिलियर्ड्सचे तिन्ही बॉल कडेला जवळजवळ ठेवून ते ढकलत नेण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मग ठरावीक गुणांमागे एकदा बॉल टेबलावरच्या आडव्या रेषेपलीकडे नेण्याचा नियम आला. बिलियर्ड्स त्याने मेलं नाही. नियम बदलत गेलेल्या त्याच खेळात पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात जगज्जेते झाले, कुठल्याही खेळातले भारताचे पहिले जगज्जेते, आणि १९६४ मध्ये पुन्हा. मुंबईच्या मायकेल फरेरांनी तीन वेळा जागतिक हौशी विजेतेपद आणलं.

पण भाच्याने असा अजिंक्य डाव सापडल्या सापडल्या लगेच बंद करू नये. रीस समोरच्याला ताटकळत ठेवत होता; भाच्याच्या गेममध्ये समोर कुणीच नाही. एकट्याने खेळायच्या खेळात एखाद्या पोराला दुकानातल्या तीन गोष्टी जुळवून सगळं टेबल एका फटक्यात साफ करता आलं, तर त्या दुपारचा तो राजा असतो. त्याचं राज्य काढून घेणाऱ्याला तो कधी माफ करत नाही. कंटाळवाणा अजिंक्य डाव असेल, म्हणजे रीससारखं टुकटुक करत बसणं, तर तो बंद करावा. मजेदार असेल तर राहू द्यावा आणि पुढच्या टेबलावर जरा जाडजूड राक्षस बसवावा.

आलेली मतं कशावर तोलायची, त्यासाठी एक गोष्ट, तुम्ही वर्ध्याकडचे म्हणून सांगतो. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. बाईला दमछाक न होता आठ तास चालवता आला पाहिजे, आठ तासांत १६,००० फूट सूत निघालं पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत हवी, वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. किर्लोस्करवाडीतून काळे नावाच्या गृहस्थांनी तयार केलेलं यंत्र या स्पर्धेत उतरलं होतं. पण ते सगळ्या अटींत बसलं नाही आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींनी केलं, चरख्यांचे नाना प्रकार मांडलेले आहेत. हिंगणघाटहून तासाभराचा रस्ता आहे, भाच्याला घेऊन जा. मला त्यातली अट लिहिण्याची पद्धत आवडते. यंत्र आतून कसं असावं यापेक्षा त्यातून काय साधलं पाहिजे यावर भर. चालवणारीला काय जमलं पाहिजे आणि काय परवडलं पाहिजे, ते आधी. भाच्याने गेमच्या अटी अशाच आधी लिहून ठेवाव्यात : सात हजारांच्या फोनवर चालला पाहिजे, कॅरम येणाऱ्याला एक ओळही न वाचता पहिला फटका मारता आला पाहिजे, एक डाव एसटीच्या पुलगाव ते वर्धा प्रवासात संपला पाहिजे. मग मत आलं की ते या अटींवर घासून बघायचं. चुलतभावाला घरच्या मोठ्या स्क्रीनवर गेम हवा असेल तर तो चुलतभावाचा प्रश्न.

आता थोडं व्यवहाराचं. गेम गूगल प्लेवर टाकायचा असेल तर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे : सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद दाराआड चाचणी घ्यायची. आधी त्यासाठी २० माणसं लागत, डिसेंबर २०२४ पासून ती १२ वर आणली. या सगळ्यांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. मोठ्या शहरातली पोरं हे बारा जण शोधत फिरतात. तुमच्या अड्ड्यावर ते आयतेच आहेत, तेही रोज संध्याकाळी, आणि गोड बोलण्याची कुणाला सवय नाही. कॉम्प्युटरवर, म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आणायचा असेल तर दर गेममागे १०० डॉलर. तिथे दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांच्या आत परत करून पैसे मागता येतात. म्हणून पहिल्या दोन टेबलांवर भाच्याने सगळ्यात जास्त घाम गाळावा. सातव्या टेबलावरचा अजस्र राक्षस कितीही देखणा असला तरी निम्मे लोक त्याला भेटणारच नाहीत.

आणि एकदा गेम बाहेर गेला म्हणजे दार बंद झालं असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ २०२० साली काढला. पुराणकथांवर उभा असलेला हा गेम जगभर कौतुकाचा विषय झाला, पण लढाई जरा अवघडलेली आणि गोष्ट अर्ध्यावर तुटलेली, अशी कुरकुरही बरीच झाली. २०२२ मध्ये त्यांनी सुधारलेली आवृत्ती आणली, त्यात हालचाली सुधारल्या आणि हिंदी आवाजही दिले.

जाता जाता माझ्याकडूनही एक सूचना. भाच्याने टेबलावर राणी आणावी. कॅरमच्या राणीसारखीच : ती पाडली तर मोठं बक्षीस, पण लगेच पुढच्या फटक्यात एक राक्षस पाडून कव्हर दिलं पाहिजे, नाहीतर राणी परत मधोमध. हा नियम वर्धा जिल्ह्यात कुणाला शिकवावा लागणार नाही, धोका पत्करायचा की नाही हे चालीच्या आधी ठरतं, आणि चुकलं तर दोष आपल्याच बोटाचा. मात्र हे दुखणं नव्हे, औषध झालं, आणि मी तो गेम खेळलेलोही नाही. तेव्हा बारा जणांची मतं ऐकून झाल्यावर वेळ उरला तरच तेरावं म्हणून हे त्याच्या कानावर घाला.